न सापडणे आणि नसणे

पेरूच्या दिवसांत काकतीच्या आमच्या घराच्या पडवीत एक दृश्य ठरलेले असते. टोपलीतील एखादा पेरू जास्त पिकला, की त्यावर चिलटे जमतात. हाताने हाकलली तर क्षणभर उठतात आणि पुन्हा तेथेच येऊन बसतात. शासकीय सेवेत असताना या चिलटांकडे आमचे कधी लक्ष गेले नाही. निवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळाली, तेव्हा कळले की या य:कश्चित प्राण्याइतका कसून अभ्यास पृथ्वीवरील फारच थोड्या जिवांचा झाला आहे. आपले शेतकरी आंब्याच्या बागेत जिच्यासाठी सापळे लावतात ती फळमाशी वेगळी आणि अंगाने मोठी. ही त्याहून लहान, पिकल्या फळाच्या आंबूस वासावर येणारी. शास्त्रज्ञ तिला ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर म्हणतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांना १९१० साली लाल डोळ्यांच्या माश्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर आढळला. त्या धाग्यावरून पुढे जात त्यांनी आनुवंशिकतेचे धागे गुणसूत्रांपर्यंत नेऊन पोहोचवले आणि १९३३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या माशीच्या संदर्भात वाचलेली एक हकीकत गेली काही वर्षे आमच्या मनात घर करून आहे. तिच्यातून उभा राहणारा प्रश्न विज्ञानाचा आहेच, पण तेवढाच तो नीतीचाही आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून तो वाचकांपुढे मांडण्याचे धाडस करीत आहोत.

मार्च २००० मध्ये या माशीच्या जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील सेलेरा ही कंपनी आणि बर्कली येथील संशोधकांचा प्रकल्प यांनी मिळून ते काम केले होते. माशीच्या डीएनएमध्ये सुमारे १८ कोटी अक्षरे आहेत. त्यांपैकी ज्या भागात बहुतेक जनुके असतात, तो सुमारे १२ कोटी अक्षरांचा भाग वाचून झाला. त्यात प्रथिने घडवणारी १३,६०१ जनुके असल्याचा अंदाज देण्यात आला. त्याआधी १९९८ साली एका सूक्ष्म सूत्रकृमीचा जनुकसंच वाचून झाला होता. त्याची जनुके या माशीपेक्षा कितीतरी अधिक भरली होती. पंख, डोळे, पाय असलेल्या माशीला मातीतल्या कृमीपेक्षा कमी जनुके कशी पुरतात, याचे अनेकांना नवल वाटले. तरीही आकडा छापला गेला आणि छापील आकड्याला जे वजन येते ते त्यालाही आले.

आता अक्षरे वाचून झाल्यावर जनुके नुसती मोजायची राहतात, असा आपला समज होईल. पण तसे नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी जुन्या पेटीत मोडीतील कागद असतील. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेई आणि तिच्याखाली अक्षरे एकास एक जोडीत जाई. शब्द कोठे संपला आणि पुढचा कोठे सुरू झाला, हे सुटी जागा पाहून कळत नाही, ते अंदाजाने ओळखावे लागते. सेवेच्या सुरुवातीस इनामाचे असे कागद आम्ही जाणत्यांकडून वाचून घेत असू. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली होती. लांबलचक नावे आणि ठरीव मायने चटकन सापडतात, आणि एखादे दोन अक्षरी नाव मात्र सहज निसटते. त्या नावाच्या माणसाचा हक्क त्या दोन अक्षरांतच असतो.

डीएनएचे कोट्यवधी अक्षरांचे लेखन असेच अखंड आहे. त्यातील तीन तीन अक्षरांची त्रिके प्रथिनाच्या एकेका घटकाची, म्हणजे अमिनो आम्लाची, खूण असतात. एकूण ६४ त्रिकांपैकी तीन त्रिकांचा अर्थ 'येथे थांबा' असा आहे. अक्षरे कशीही विखुरली, तर सरासरी वीस-एकवीस त्रिकांनंतर थांबण्याची खूण येणारच. म्हणून जेथे शंभर शंभर त्रिके अशी खूण लागत नाही, तेथे बहुधा जनुक आहे असे मानतात, कारण एवढी लांब मजल केवळ योगायोगाने घडणे दुर्मीळ आहे. यावरून संगणकाला नियम घालून देण्याची वहिवाट पडली: शंभर अमिनो आम्लांपेक्षा आखूड मजकूर शक्यतो जनुक धरू नये. नियम शहाणपणाचा होता. तो नसता तर लाखो निरर्थक तुकडे यादीत शिरले असते. परंतु हा नियम वाचणाऱ्याच्या सोयीचा होता. माशीने तो केलेला नव्हता.

२००३ च्या अखेरीस जर्मनीतील हायडेलबर्ग येथील संशोधकांनी ही चाळणी मुद्दाम सैल करून पाहिली. कमी कडक निकषांच्या संगणक-आज्ञावलीने त्यांनी तोच मजकूर पुन्हा चाळला. जी नवी संभाव्य जनुके निघाली, त्यांची नक्कल माशीच्या पेशी खरोखर उतरवतात काय, हे प्रयोगाने तपासले. अधिकृत यादीत नसलेल्या सुमारे २,६०० ठिकाणी तशी नक्कल होत असल्याचा पुरावा त्यांना मिळाला. आणखी पडताळणी करून त्यांनी म्हटले, की निदान २,००० तरी नवी जनुके मानावी लागतील. म्हणजे अक्षर न् अक्षर वाचून झालेल्या पुस्तकात, सर्वांच्या डोळ्यांसमोर, इतके शब्द न वाचलेले राहिले होते.

पुढे २००७ साली याहून बोलके उदाहरण पुढे आले. एका जनुकाची नक्कल पेशीत उतरते, हे आधीपासून ठाऊक होते. पण त्यात लांब मजकूर दिसेना, म्हणून ते प्रथिन घडवीत नाही असे ठरवले गेले होते. ब्रिटन आणि जपान येथील दोन गटांनी दाखवून दिले, की त्यात अवघ्या ११ अमिनो आम्लांचे इवलेसे मजकूर आहेत आणि ते कामाचे आहेत. ते नसले, तर माशीच्या पायाच्या टोकाचे सांधे तयार होत नाहीत. भ्रूणाच्या अंगावरची बारीक लव उगवत नाही आणि ते पॉलिश केलेल्या तांदळाच्या दाण्यासारखे गुळगुळीत दिसते. म्हणूनच जपानी संशोधकांनी त्या जनुकाला 'पॉलिश्ड राइस' असे नाव दिले. बेळगावच्या तांदळावर वाढलेल्या आमच्यासारख्याला ही उपमा लगेच पटली. जेथे शंभराची मर्यादा होती, तेथे ११ वाल्याची दखल कोण घेणार? पण पाय मात्र त्या अकरांवर उभा होता.

आपल्या देशातीलही दोन उदाहरणे येथे सांगावीशी वाटतात. सुभाष लखोटिया यांनी १९७० साली, कोलकात्यात संशोधन करीत असताना, आपल्या गुरूंबरोबर माशीच्या गुणसूत्रावरील '९३डी' नावाच्या एका जागेचे निरीक्षण प्रसिद्ध केले. एका विशिष्ट रसायनाने ती जागा फुगून उठते, म्हणजे तेथील जनुक कामाला लागते. उष्णतेचा चटका बसला तरी तेच घडते. पुढे असे दिसून आले, की हे जनुक प्रथिन घडवतच नाही. त्याची केवळ नक्कल, म्हणजे आरएनए, तयार होते. प्रथिन नाही तर उपयोग काय, असा विचार तेव्हा प्रबळ होता. लखोटिया यांनी मात्र पुढे बनारस हिंदू विद्यापीठात कित्येक दशके या जनुकाचा पिच्छा सोडला नाही. ते बिघडले तर माशीचे जगणे अवघड होते, हे त्यांच्या प्रयोगशाळेतील कामातून पुढे आले. प्रथिन न घडवणारी अशी हजारो जनुके आज माशीच्या यादीत नोंदली गेली आहेत.

दुसरे उदाहरण मुंबईचे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दीकी यांच्या मार्गदर्शनाखाली व्हेरोनिका रॉड्रिग्ज काम करीत. त्यांचे कुटुंब मूळ गोव्याचे आणि जन्म नैरोबीचा. १९७० च्या दशकात या गुरुशिष्यांनी चव किंवा वास नीट न कळणाऱ्या माश्या शोधून काढल्या. मजकूर वाचण्याची सोय तेव्हा नव्हतीच. त्यांनी माशीच्या वागण्यावरून ओळखले, की येथे काहीतरी काम करणारे आहे, कारण ते बिघडले की गोडी कळेनाशी होते. वास आणि चव टिपणाऱ्या ग्राहक प्रथिनांची जनुके १९९९ व २००० साली संशोधकांच्या हाती लागली, आणि तीही त्यांच्यासाठीच खास रचलेल्या संगणकीय शोधामुळे. आधीच्या प्रयत्नांना ती सापडली नव्हती. माशीला वास मात्र अनादि काळापासून येत होता.

हे सारे वाचताना आम्हांला आपल्या दर्शनकारांचा एक जुना वाद आठवला. जमिनीवर घडा नाही, हे ज्ञान आपल्याला कशाने होते? कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसकांनी, आणि पुढे अद्वैत वेदान्त्यांनी, यासाठी 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानले. घडा उपलब्ध झाला नाही, म्हणून तो नाही. पण लगेच त्यांनी एक अट घातली. ही अनुपलब्धी 'योग्य' असली पाहिजे, म्हणजे घडा तेथे असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. भरपूर उजेडात घडा दिसला नाही, तर तो नाही असे म्हणता येते. अंधारात दिसला नाही, तर तसे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. हजार-बाराशे वर्षांपूर्वीची ही अट आमच्या मते या प्रश्नाचे मर्म सांगते. 'सापडले नाही' हे शोधणाऱ्याविषयीचे विधान आहे आणि 'नाही' हे वस्तूविषयीचे. एकावरून दुसऱ्यावर उडी मारण्यापूर्वी, आपल्या हातातील दिव्याचा उजेड तेथवर पोहोचत होता काय, हे पाहावे लागते.

येथवरचा विचार कोणालाही सुचेल. आम्हांला तो टोचतो, याला कारण आहे. ते येथे सांगून टाकतो.

१९९१ च्या फेब्रुवारीत जनगणना झाली, तेव्हा आम्ही शेजारच्या तालुक्यात कनिष्ठ अधिकारी होतो आणि प्रगणकांना शिकवण्याचे काम आमच्याकडे होते. देशातील स्त्रियांच्या कामाची नोंद नीट होत नाही, अशी टीका त्याआधी पुष्कळ झाली होती. १९६१ च्या जनगणनेच्या तुलनेत १९७१ साली काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली होती. बायकांनी काम सोडले होते असे नव्हे. प्रश्नाची आणि व्याख्येची घडण बदलली होती. १९७१ साली मुख्य व्यवसाय कोणता, हे आधी पाहिले गेले आणि घरकाम सांगणारी बाई बहुधा तेथेच गळाली. म्हणून १९९१ च्या प्रश्नात, शेतावरील किंवा घरच्या उद्योगातील बिनमोबदला कामही धरावे, अशी स्पष्ट पुस्ती जोडली गेली. ती पुस्ती आम्ही प्रगणकांना दोनदा वाचून दाखवली, उदाहरणे दिली आणि त्यांच्याकडून म्हणवूनही घेतली.

त्यानंतरच्या एका रविवारी आम्ही काकतीला घरी होतो. गावातले एक मास्तर प्रगणक म्हणून आले. पडवीत बसून त्यांनी वडिलांचे, आमचे, सगळ्यांचे लिहून घेतले. मग आईला विचारले, "मावशी, तुम्ही काय काम करता?" आई दारात उभी होती. ती म्हणाली, "मी कुठं काय करतो? घरातच असतो की." मास्तरांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही मान हलवली आणि त्यांनी 'काम नाही' असे लिहिले.

त्या दिवशी पहाटे आईने दोन म्हशींच्या धारा काढल्या होत्या. दूध घालायला दोन घरी ती स्वतः जाऊन आली होती. दुधाचा हिशेब ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवी आणि महिनाअखेरीस त्यात एका पैशाची चूक निघत नसे. भाताची रोप लावणी, भांगलण, कापणी यांपैकी एकही काम तिच्याशिवाय झालेले आम्हांला आठवत नाही. आमच्या महाविद्यालयाची फी त्या रेघांमधून आली होती. पुस्ती आम्हांला तोंडपाठ होती. उजेड आमच्या हातात होता, आणि तरीही आमच्याच घरातला घडा आम्हांला दिसला नाही.

आम्ही खोटे बोललो काय? तसे म्हणता येणार नाही. मास्तरांनी विचारले, तिने उत्तर दिले, आम्ही होकार दिला. सर्व रीतसर झाले. खोट्याहून हे वेगळे आणि आमच्या मते अधिक घातक आहे, कारण खोटे कधीतरी पकडले जाते. रीतसर झालेली गळती कोणाच्या डोळ्यांत येत नाही. गळालेला माणूस स्वतःही तक्रार करीत नाही. माशीचे जनुक जसे तक्रार करीत नाही, तशीच आईनेही केली नाही. उलट तिनेच सांगितले, की मी काही करीत नाही. पिढ्यान् पिढ्या ज्याला यादीत जागा मिळाली नाही, तो स्वतःविषयी यादीच्याच भाषेत बोलू लागतो. यादीत असणे आणि नसणे यांचा अर्थ सीमाभागातील जुन्या घराण्यांना वेगळा समजावून सांगायला नको. तरीही तोच अन्याय आपण आपल्या उंबऱ्याच्या आत करीत असतो, हे मात्र स्वतःला वेळोवेळी सांगावे लागते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. चाळणी सैलच करत गेलो, तर धान्याबरोबर खडेही येतील. शासनात असताना भलत्या नावांनी फुगलेल्या याद्या आम्ही पाहिल्या आहेत. खोट्या नावाने घेतलेला वाटा खऱ्या नावाच्या तोंडचा असतो. जनुकांच्या बाबतीतही असेच घडले. यादीत आधी असलेली काही जनुके पुढे गाळावी लागली आणि काही एकमेकांत मिळवावी लागली. नव्याने सुचवलेली सारी टिकली असेही झाले नाही. प्रथिने घडवणाऱ्या जनुकांचा आकडा आजही १४,००० च्या आसपासच आहे. तेव्हा दिसेल त्याला आत घ्या, असा या हकीकतीचा बोध नाही.

बोध असलाच तर तो चाळणीच्या कबुलीचा आहे. शंभरापेक्षा आखूड मजकूर आम्ही धरलेला नाही, हे वाक्य यादीच्या शेजारी उभे असेल, तर यादी खरी राहते. ते वाक्य पुसले गेले आणि नुसता आकडा उरला, की तीच यादी नकळत असत्य बोलू लागते. माशीच्या अभ्यासकांचे एक वैशिष्ट्य येथे नमूद करावेसे वाटते. त्यांनी आपली वही बंद केली नाही. २००० पासून तिच्या नवनव्या दुरुस्त आवृत्त्या निघत आल्या आहेत. जे नव्याने येते त्याला प्रवेश सढळ आणि कायमची जागा कडक तपासणीनंतर, अशी त्यांची रीत आहे. तपासणीही एकाच प्रकारची नसते. कोणी मजकूर वाचतो, कोणी नक्कल उतरते का ते पाहतो, तर कोणी रॉड्रिग्जबाईंसारखा माशीलाच साखर देऊन विचारतो.

शेवटची रीत आम्हांला माणसांच्या मोजणीतही उपयोगी वाटते. 'काय काम करता' असे विचारले, तर आईचे उत्तर ठरलेले होते. 'सकाळी उठल्यापासून काय काय केले' असे कोणी विचारले असते, तर मास्तरांचा कागद पुरला नसता. २०११ च्या जनगणनेपूर्वीच्या प्रशिक्षणात आम्ही प्रगणकांना हा प्रश्न विचारायला सांगितले. कोणाचे उदाहरण देत आहोत, ते मात्र सांगितले नाही. तेवढे धैर्य तेव्हा झाले नाही.

आई आता नाही. घराची डागडुजी झाली तेव्हा गवंड्याने त्या भिंतीवर चुना फिरवला आणि रेघा दिसेनाशा झाल्या. १९९१ ची ती चिठ्ठी दुरुस्त करणे आता कोणाच्याच हाती नाही.

२०२१ ची जनगणना महामारीमुळे लांबली. १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून ती घेण्याचे केंद्र सरकारने २०२५ साली जाहीर केले. प्रगणक आपल्याही दारात येईल आणि घरातल्या बाईला तिच्या कामाविषयी विचारील. वाचकांना आमची एवढीच विनंती आहे, की उत्तर तिलाच देऊ द्यावे. ती 'काही नाही' म्हणाली, तर तिने सकाळपासून काय काय केले, ते प्रगणकासमोर तिलाच एकदा विचारावे. आणि त्याने आपल्याकडे पाहिले, तर घाईने मान हलवू नये.